नवानगरचे बापू

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला लग्नसराईच्या कापडखरेदीसाठी मी लहानपणापासून जात आलो. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित वसले, एवढे ठाऊक होते. त्याआधी, १९४३ पासून १९४८ पर्यंत, तिथल्याच वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती, हे फार उशिरा कळले. त्यांची हकीकत वाचता वाचता मला भेटले नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह.

जन्म १८९५ चा. क्रिकेटवीर रणजींचे हे पुतणे. उमेदीची वर्षे त्यांनी लष्करात काढली आणि १९३३ साली ते गादीवर आले.

१९३९ साली जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची लाखो माणसे रशियाने सैबेरिया, कझाकस्तानात हाकलली. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा यातल्या अनेकांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांनी त्यांच्यातून फौज उभारली. १९४२ साली ही फौज इराणला हलली. तिच्याबरोबर हजारो बायका-मुलेही बाहेर पडली. सैनिक सर्वांनाच हवे होते; पोरकी मुले कोणाला हवी होती?

हिंदुस्थानचीही तेव्हा ओढाताणच होती. ब्रह्मदेशातून आपलीच लाखो माणसे पायपीट करीत परतत होती. तरीही जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला समुद्रकाठी, आपल्या उन्हाळी महालाशेजारी, शेकडो पोलिश मुलांची सोय केली. मुले त्यांना बापू म्हणत. मुलांना पालक आवडेना, त्यांनी चक्क संप पुकारला. बापूंनी हुकूम सोडला, मुलांच्या ताटात पालक वाढायचा नाही! ही आठवण त्या मुलांनी म्हातारपणी सांगितली. उपाशी दिवस पाहिलेल्या मुलांना नको म्हणण्याचा हक्क मिळाला, हे मला धान्यापेक्षा मोठे दान वाटते.

युद्ध संपले, पण अनेकांची गावे आता रशियाच्या हद्दीत गेली होती. परतायचे कुठे? बालाचडीची छावणी १९४६ साली मिटली, उरलेली मुले वळिवड्याला आली. पुढे कोणी पोलंडला गेले, कोणी इंग्लंडला, कोणी आणखी दूर.

जामसाहेब १९६६ साली वारले. उपकाराची परतफेड म्हणून स्वतंत्र पोलंडमध्ये एका रस्त्याला आपले नाव द्यावे, एवढेच त्यांनी मागितले होते, असे सांगतात. पुढे वॉर्सात एका चौकाला भल्या महाराजांचे नाव मिळाले.

आता गांधीनगरच्या दुकानात गादीवर बसून कापड पाहताना मनात येते, या एका जमिनीने दोन देशांच्या बेघरांना आसरा दिला आहे.