बुळकांडीशी झुंजणारे डॉ. लिंगार्ड
बुळकांडीच्या साथीत गोठेच्या गोठे ओस पडत. अशा काळात, १८८९ मध्ये, पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा निघाली. माणसांचे डॉक्टर असलेले आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. घातक जंतू दाट वस्तीत नकोत, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथे आले. १८९९ पासून बुळकांडीवरील सीरम तयार होऊ लागले. २०११ मध्ये जगातून बुळकांडी गेली.

लाळ्या-खुरकूत आणि लम्पी मात्र आहेत. रोग दूर ठेवण्याचा तोच विचार बारामती-इंदापूरच्या गोठ्यातही हवा: विकत आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे, ने-आण केलेला टेम्पो निर्जंतुक करावा, आजारी जनावर बाजारात नेऊ नये आणि लस चुकवू नये.