लिओ फेंडर : तारेच्या वेढ्यांतला नाद

ज्याच्या गिटारींनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य संगीताला नवा आवाज दिला, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ती सुरात लावणेही त्यांना साधत नसे. मुळात ते रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात अॅनाहाइमजवळ संत्र्यांच्या बागा असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच्या आजारात एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे, पण मंदीच्या काळात नोकरी सुटली आणि १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. तेथे वादक आपापली बिघडलेली वाद्ये घेऊन येऊ लागले.

विजेच्या गिटारीत तारांचा आवाज उचलतो तो पिकअप. चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या गुंडाळीत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. वेढे वाढवले की आवाज जोरकस होतो, पण वरचे झळाळते स्वर मंदावतात. वेढे कमी केले की नाद स्वच्छ, पण दुबळा. फेंडर यांचे आयुष्य या ओढाताणीतच गेले.

पोकळ अंगाची विजेची गिटार मोठ्या आवाजात किंचाळत असे. १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर झाली. तिच्या घोडीजवळच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली अल्निको या मिश्रधातूची स्वतंत्र चुंबकी कांडी होती आणि तळाशी पोलादी पत्रा. तिचा आवाज धारदार, टणत्कारी. मानेजवळच्या पिकअपला मात्र त्यांनी धातूचे झाकण घातले. त्या झाकणाने स्वराची धार बोथट होऊन तो मऊ झाला.

१९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन पिकअप आले, प्रत्येकात सुमारे आठ हजार वेढे. कारखान्यात तार हाताने सरकवत गुंडाळली जाई, त्यामुळे दोन पिकअप अगदी सारखे क्वचितच निघत. आज त्या काळच्या पिकअपना जी किंमत मोजली जाते, तिच्यामागे या अनियमिततेचाही हात आहे. चुंबकांची उंचीही कमीजास्त ठेवलेली होती. तेव्हा गिटारीची तिसरी तार वेटोळ्याची असे, तिचा आवाज दबका. म्हणून तिच्याखालचा चुंबक उंच. पुढे साधी तार रूढ झाली आणि तीच अवाजवी मोठ्याने बोलू लागली, तरी जुन्या धर्तीच्या नकलांत ती उंची इमानाने जपली जाते! डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सने तर उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली. त्यामुळे चुंबकांची उंची भलत्याच तारांच्या वाट्याला आली आणि घोडीजवळच्या पिकअपचा तिरकेपणाही उलटा झाला. १९६९ मध्ये वुडस्टॉकला श्रोत्यांनी ऐकला तो हा उलटा हिशेब.

एकेरी गुंडाळीचा मोठा दोष म्हणजे घरगुती विजेची गुणगुण. गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन गुंडाळ्या परस्परविरुद्ध जोडून ती घालवली, पण त्यात स्वर जाड झाला. फेंडर यांनी १९५७ मध्ये हीच युक्ती आपल्या बेस गिटारमध्ये दुभंगलेल्या पिकअपने वापरली. १९५८ च्या जॅझमास्टरमध्ये त्यांनी गुंडाळी रुंद आणि चपटी केली. हेतू जॅझ वादकांना खूश करण्याचा होता. ती आवडली सर्फ संगीतवाल्यांना.

दीर्घ आजाराने खचून त्यांनी १९६५ मध्ये कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएसला विकली. प्रकृती सुधारली, पण गिटारीवरचे स्वतःचे नाव परके झाले होते. म्युझिक मॅन आणि नंतर जी अँड एल या कंपन्यांतून त्यांनी पुन्हा काम आरंभले. तळाशी सिरॅमिक चुंबक, वर खालीवर करता येणारे लोखंडी स्क्रू आणि कमी वेढे, असा नवा पिकअप त्यांनी घडवला. जुन्या पिकअपपेक्षा तो सरस आहे, असा त्यांचा ठाम विश्वास होता. मापांच्या हिशेबाने तो खोटाही नसावा. पण वादक मागत होते ते १९५० च्या दशकातले गुणगुणणारे पिकअप, म्हणजे जे दोष सुधारण्यासाठी हा माणूस राबत होता तेच. कंपविकाराने हात थरथरत असतानाही ते फुलर्टनच्या कार्यशाळेत येत राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर हे येणे थांबले नव्हते.