आधी पोर्तुगीज बाहेर, मग मराठे आत : चिमाजी अप्पांनी वसईचा ताबा कसा घेतला?

वसईचा किल्ला म्हटले की तोफा आणि सुरुंग आठवतात. प्रत्यक्ष ताबा मात्र तहाच्या कलमांनुसार मिळाला. थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्या कारकिर्दीतील ही बाजू कमी सांगितली जाते.

मोहीम कशी झाली?
१७३७ मध्ये कल्याण-भिवंडी मराठ्यांकडे, तर खाडीपलीकडचे ठाणे, साष्टी आणि पश्चिमेची वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. वसईने मात्र दोन वर्षे दाद दिली नाही. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी स्वतः वेढ्यावर आले. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला. हजारो मराठे कामी आले, तेव्हा पोर्तुगीजांनी पांढरे निशाण दाखवले.

तहात काय ठरले?
पोर्तुगीजांतर्फे कायतान द सोझा परेरा याने सही केली. मुख्य अटी अशा :
• शिबंदीने आठ दिवसांत शस्त्रांसह, निशाणे फडकवत बाहेर पडावे.
• जाणाऱ्या रहिवाशांनी मालमत्ता न्यावी. राहणाऱ्यांना धर्म पाळता येईल.
• दोन्ही बाजूंनी कैदी सोडावेत.
• पोर्तुगीज बाहेर पडेपर्यंत मराठ्यांनी शहरात शिरू नये.

इतकी सवलत का?
पावसाळा तोंडावर होता. नादिरशहा मार्चमध्येच दिल्लीत शिरला होता आणि बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती. निकराची लढाई आणखी लांबली असती, तर माणसे आणि वेळ दोन्ही गेले असते.

पुढे काय झाले?
आजच्या कालगणनेनुसार २३ मे रोजी (तेव्हाच्या इंग्रजी गणनेत १२ मे) पोर्तुगीज वसई सोडून मुंबईकडे गेले. दोनशे वर्षांची सत्ता संपली. शहराची लूट आणि कत्तल टळली.

ऑक्टोबर १७४० मध्ये इंग्रज कप्तान इंचबर्डच्या मध्यस्थीने दुसरा तह झाला. पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई द्यायचे, मराठ्यांनी गोव्यातील साष्टीतून फौज मागे घ्यायची, असे ठरले. आधी कोणी निघायचे, हा पेच होता. मराठ्यांची माघार पूर्ण होईपर्यंत चौल इंग्रजांच्या ताब्यात ठेवून तो सोडवला गेला.

त्याच डिसेंबरमध्ये चिमाजींचे निधन झाले. प्रकृती आधीपासूनच नाजूक होती. वय तिशीच्या आसपास होते.