जनावरांच्या डॉक्टरने हलके केलेले चाक

निफाड परिसरातील हिवाळ्याची पहाट. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमापकाचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला, द्राक्षबागांवर धुके आणि नाशिक-औरंगाबाद या जुन्या रस्त्याच्या कडेने सायकली दामटत कामावर वा महाविद्यालयात निघालेले तरुण. अलीकडे यातील बऱ्याच सायकली डोंगरी बनावटीच्या असतात. दणकट सांगाडा, सव्वीस इंची चाके आणि ट्रॅक्टरची आठवण करून देणारे, ठळक उंचवट्यांचे रुंद टायर. दिसायला रुबाबदार, पण डांबरी रस्त्यावर त्यांचा घरघराट ऐकू येतो आणि दहा-बारा किलोमीटरनंतर मांड्या भरून येतात. दोष पायांचा नसतो, टायरचा असतो. चाक कशाने वेढलेले आहे यावर माणसाचे श्रम ठरतात, हे ज्याने जगाला दाखवून दिले तो ना अभियंता होता, ना सायकलपटू. तो जनावरांचा डॉक्टर होता.

जॉन बॉईड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. निफाडचे भूमिपुत्र न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ चा. म्हणजे दोघे एकाच पिढीचे. एडिंबरोत पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन डनलॉप १८६७ मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी व्यवसायाचा जम बसविला. आपली प्रकृती तोळामासा आहे, अशी त्यांची आयुष्यभर समजूत होती. प्रत्यक्षात त्यांना ८१ वर्षांचे आयुष्य लाभले. व्यवसायामुळे रबरी साहित्य हाताळण्याचा सराव त्यांना होता. हाच सराव पुढे उपयोगी पडला.

त्या काळी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे, तर सायकलच्या चाकाला भरीव रबराची पट्टी. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर अशा सायकली चालविणे म्हणजे हाडे खिळखिळी करून घेणे होते. डनलॉप यांच्या लहान मुलालाही आपल्या तीनचाकीवर हाच त्रास होई. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये डनलॉप यांनी घराच्या आवारात एक प्रयोग केला. पातळ रबराची नळी तयार करून त्यांनी ती लाकडी चकतीभोवती कापडाने घट्ट बसविली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग तीनचाकीचे जुने चाक आणि हे नवे चाक त्यांनी एकामागून एक ढकलून दिले. जुने चाक थोडे अंतर जाऊन आडवे झाले. हवेचे चाक मात्र आवार ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलट फिरले. तेवढ्याच जोरात चाक अधिक दूर जाते, म्हणजेच तेवढेच अंतर कमी श्रमांत कापता येते, हे त्या एका चाचणीत सिद्ध झाले.

मऊ चाक जड चालेल, अशी सर्वसाधारण समजूत होती. ती का खोटी ठरली? खडबडीत रस्त्यावरील प्रत्येक खड्याशी टक्कर झाली की कडक चाकाला स्वारासकट वर उचलले जावे लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. हवेचा टायर तो खडा स्वतःत सामावून घेतो. चाक दबते, पण स्वार पुढे जात राहतो. अर्थात दबणारे रबर स्वतःही थोडी शक्ती खाते. जाड रबर, खोल नक्षी आणि कमी हवा असेल तर हा व्यय वाढत जातो. टायरच्या निवडीचे सारे शास्त्र या दोन नुकसानींमधील तडजोडीत आहे.

डनलॉप यांना ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळाले. याच वर्षी इकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींच्या विक्रीचा व्यवसाय सुरू केला, हा एक सुखद योगायोग. सायकल शर्यतींच्या वर्तुळात फुगीर चाकांची थट्टा झाली; पण १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या सायकलपटूने तेच टायर लावून चारही शर्यती जिंकल्या आणि थट्टा थांबली. हार्वे डु क्रॉस या उद्योजकाने हे यश हेरले आणि त्याच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली.

येथेच डनलॉप यांच्या आयुष्याने वळण घेतले. हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश तरुणाने १८४५ मध्येच नोंदविली होती, असे उघडकीस आले आणि डनलॉप यांचे पेटंट निरर्थक ठरले. थॉमसनच्या काळात सायकलच नव्हती; घोडागाडीसाठी त्याचे चाक महाग पडले आणि विस्मरणात गेले. डनलॉप यांना त्याची गंधवार्ताही नव्हती, परंतु कायद्याला हेतू नव्हे, तारीख कळते. टायर रिमवरून सहज काढता यावा यासाठी इतरांनी शोधलेल्या युक्त्यांचे हक्क विकत घेऊन कंपनी तगली. डनलॉप मात्र १८९५ मध्ये बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. जगभर ज्याचे नाव झाले, त्याच्या हाती त्या संपत्तीतील फारसे काही आले नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

या यशाला काळी किनारही आहे. टायरमुळे रबराची मागणी भडकली आणि बेल्जियमच्या राजाच्या ताब्यातील काँगोत रबर गोळा करणाऱ्या आफ्रिकी रहिवाशांवर अनन्वित अत्याचार झाले. आवारात चाक ढकलणाऱ्या पशुवैद्याला याची कल्पना असणे शक्य नव्हते. तरीही एकाचे श्रम हलके होताना दुसऱ्याच्या पाठीवर काय लादले गेले, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे डनलॉप हे नाव गादीलाही चिकटले. पण त्यांच्या मूळ व्यवसायाला साजेसे स्मारक पाहायचे असेल तर महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात जावे. लाकडी चाकांची जागा रबरी टायरने घेतलेल्या बैलगाड्यांनी तेथे कारखान्यांपर्यंत ऊस वाहिला आणि त्याच ओझ्यासाठी बैलांना कमी ओढ लागली. जनावरांच्या डॉक्टरकडून जनावरांना याहून मोठे औषध कोणते मिळणार?

आता निफाडच्या त्या तरुणाकडे वळू. शेतातल्या चिखलवाटेवर ठळक नक्षीचा टायर पकड देतो, तेथे तो हवाच. परंतु रोजचा प्रवास डांबरावरचा असेल, तर हे उंचवटे प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि शक्ती खातात. स्वारासह नव्वद किलो वजन ताशी वीस किलोमीटर वेगाने नेताना चांगल्या गुळगुळीत टायरवर केवळ चाकांच्या घर्षणापोटी सुमारे वीस वॅट शक्ती लागते. उंचवट्यांच्या, कमी हवेच्या टायरला सहज त्याच्या दुप्पट लागू शकते. यासाठी सायकल बदलण्याची गरज नाही. त्याच सव्वीस इंची रिमवर बसणारा, दीड इंच रुंदीचा, सपाट पृष्ठभागाचा टायर पुरतो. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत असावा. थंडीत तो आपोआप उतरतो, हेही ध्यानात ठेवावे: तीस अंशांच्या दुपारी भरलेली पन्नास पौंड हवा सहा अंशांच्या पहाटे जेमतेम पंचेचाळीस उरते.

डनलॉप यांच्या आवारातील चाचणी आजही कोणालाही करून पाहता येते. उतारावर पायडल न मारता सायकल सोडावी आणि ती कुठे थांबते तेथे खूण करावी. मग टायर बदलून किंवा हवा भरून पुन्हा पाहावे. त्या दोन खुणांमधील अंतर ही आपल्याच पायांची बचत असते.