लॉर्ड रेले : नांव आणि पदवी

१८७१ सालीं आकाशाच्या निळ्या रंगाची मीमांसा जॉन विल्यम स्ट्रट यांनीं केली, आणि १८७७ सालीं ध्वनिशास्त्रावरील मोठा ग्रंथ लॉर्ड रेले यांनीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हीं दोन नांवें वाचून विद्यार्थ्यांस ते दोन निराळे विद्वान वाटतात. परंतु पुरुष एकच.

त्यांचा जन्म १८४२ सालीं इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत एका उमराव घराण्यांत झाला. बॅरनच्या मुलास वडिलांच्या हयातींत ‘ऑनरेबल’ इतकेंच उपपद लावितां येतें. १८७३ सालीं वडील वारले, तेव्हां ते तिसरे बॅरन रेले झाले व आडनांव मागें पडलें. त्यांस लॉर्ड जॉन रेले म्हणणें मात्र चूक. तशी रचना ड्यूक व मार्क्विस यांच्या धाकट्या मुलांची. त्यांचे पुत्र रॉबर्ट हेही शास्त्रज्ञ व चौथे बॅरन झाले. म्हणून पित्याविषयीं लिहितांना ‘तिसरे’ हा शब्द घालणें सोयीचें.

पदवी वारशानें आली, विद्या मात्र कष्टानें मिळवावी लागली. प्रकृति नाजुक असूनही १८६५ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत ते पहिले आले. पुढें जमिनीचा कारभार भावावर सोंपवून त्यांनीं टर्लिंग येथील वाड्यांतच प्रयोगशाळा थाटली. मॅक्सवेल यांच्या मागें १८७९ पासून १८८४ पर्यंत ते केंब्रिजला प्राध्यापक होते. हवेंतून काढलेला नायट्रोजन रासायनिक रीतीनें केलेल्या नायट्रोजनाहून सुमारें अर्धा टक्का जड भरतो, हें त्यांस आढळलें. एवढासा फरक दुसऱ्यानें वजनाची चूक म्हणून सोडून दिला असता. त्यांनीं सोडला नाहीं. त्याच मागानें रॅम्झे यांच्यासह त्यांस आर्गॉन हा नवा वायु सांपडला. १९०४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें; ती रक्कम त्यांनीं केंब्रिज विद्यापीठास दिली. १९१९ सालीं ते वारले.

पुत्रानें लिहिलेल्या चरित्रांत एक गोष्ट आहे. ब्रिटिश असोसिएशनकडे गेलेल्या त्यांच्या एका निबंधावर नांव राहून गेलें. परीक्षकांनीं तो कोणा विक्षिप्ताचा समजून नाकारला. लेखक कोण हें कळतांच त्यांत गुण दिसूं लागले! येथें दोष नांवाचा नव्हे, पाहणाऱ्यांचा. उलट १९२१ सालीं आमच्या देशांतील रामन यांनीं, समुद्राचा निळेपणा हें केवळ आकाशाचें प्रतिबिंब, हें रेले यांचें मत प्रयोगानें खोडून काढलें; तेथें मोठें नांव आड आलें नाहीं.

विद्यार्थ्यांनो, ज्याची जी पदवी ती बिनचूक लिहावी, हें सौजन्य होय. परंतु लेख हातीं आला म्हणजे नांवावर बोट ठेवून तो वाचावा, आणि मग बोट काढावें, असें आम्हांस वाटतें.