बडोद्याचा अधिकारी, जेरुसलेमची कबर

इस्लामी राष्ट्रांची एकजूट हा शब्दप्रयोग पॅलेस्टाइनच्या संदर्भात गेली शंभर वर्षे कानांवर पडत आहे. सत्तावन्न सदस्यांची इस्लामी राष्ट्रांची संघटना आहे, त्या राष्ट्रांच्या संसदांचा १९९९ साली तेहरानमध्ये स्थापन झालेला स्वतंत्र संघ आहे आणि त्या संघात पॅलेस्टाइनसाठी खास समिती आहे. पाठिंब्याचे ठराव होतात आणि दप्तरी दाखल होतात. या एकजुटीचे बळ कितपत आणि ती नेमकी कोठे उसवते, हे ज्याच्या आयुष्यात उघडपणे पाहावयास मिळते असा एक भारतीय पुरुष होऊन गेला. त्याने आपल्या उमेदीची सात वर्षे एका मराठी संस्थानिकाच्या चाकरीत बडोद्यास काढली आणि त्याचा देह जेरुसलेमच्या मातीत विसावला. मौलाना महंमद अली हे त्याचे नाव. खिलाफतीच्या चळवळीतील अलीबंधूंपैकी धाकटे ते हे.

त्यांचा जन्म १८७८ सालच्या डिसेंबरात रामपूर संस्थानात झाला. दोन वर्षांचे असताना वडील वारले. आई आबादी बानो बेगम, जिला पुढे सारा देश बी अम्मा म्हणून ओळखू लागला, ती फारशी शिकलेली नव्हती. पण मुलांना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून तिने नातलगांचा विरोध अंगावर घेतला. अलिगढनंतर महंमद अली ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात गेले, इतिहास शिकले आणि आय. सी. एस.च्या परीक्षेत नापास झाले. हे अपयश पथ्यावर पडले असेच म्हणावयास हवे, नाहीतर एका जिल्ह्याचा कलेक्टर म्हणून ते निवृत्त झाले असते.

परत आल्यावर रामपुरात थोडा काळ काढून ते बडोद्यास आले. सयाजीरावांचे बडोदे त्या काळी गुणी माणसांचे माहेरघर होते. अरविंद घोष तेथील कॉलेजात शिकवीत होते, रमेशचंद्र दत्त महसुलाचा कारभार पाहत होते, न्यायखात्यात अब्बास तय्यबजी होते. पुढे मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्यावर धारासणेच्या तुकडीचे नेतृत्व ज्यांच्याकडे आले, तेच हे तय्यबजी. १९०६ साली महाराजांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ब्रिटिश हिंदुस्थानाला जे सुचले नव्हते ते एका मराठी राजाने करून दाखविले. शहराच्या वायव्येचे गोरवा आज कारखान्यांच्या गर्दीत हरवून गेले आहे. तेव्हा ते वेशीबाहेरचे खेडेगाव होते आणि अलेंबिकसारख्या उद्योगांची त्या बाजूस नुकती कोठे चाहूल लागत होती. अशा या राज्यात महंमद अली अफू खात्याचा कारभार पाहत होते. सुटाबुटातील, टापटिपीचे, इंग्रजीवर विलक्षण प्रभुत्व असलेले हे अधिकारी होते. मौलाना ही उपाधी पुष्कळ नंतरची. मात्र नोकरीत त्यांचे मन पुरते रमले नाही. १९०६ साली ढाक्यास मुस्लिम लीग स्थापन झाली तेव्हा ते तेथे हजर होते आणि १९०७ साली देशातील असंतोषावरची त्यांची लेखमाला मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात प्रसिद्ध झाली. संस्थानच्या अधिकाऱ्याने असले लेखन करणे रेसिडेन्सीला रुचण्यासारखे नव्हते. १९१० साली त्यांनी बडोदे सोडले.

पुढच्या जानेवारीत कलकत्त्यास त्यांचे कॉम्रेड हे इंग्रजी साप्ताहिक निघाले. राजधानीबरोबर तेही दिल्लीस गेले आणि जोडीला हमदर्द हे उर्दू पत्र आले. बाल्कन युद्धात तुर्कस्तानचे लचके तुटू लागले तेव्हा कॉम्रेडने मदतनिधी उभारला आणि १९१२ च्या अखेरीस डॉ. अन्सारींचे वैद्यकीय पथक तुर्की जखमींच्या शुश्रूषेसाठी रवाना झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि तुर्कांच्या निवडीविषयी कॉम्रेडमध्ये जो दीर्घ लेख आला, त्यापायी पत्राची अनामत रक्कम सरकारजमा झाली. १९१५ च्या मे महिन्यात दोघे बंधू स्थानबद्ध झाले. आधी मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि त्यानंतर आपल्या नागपूरला लागून असलेले छिंदवाडा. शेवटी बैतुलचा तुरुंग.

या साडेचार वर्षांनी माणूस आतून बदलला. कुराणाचे अर्थासह सलग वाचन त्यांनी प्रथम येथे केले. सूट गेला, दाढी आली. ऑक्सफर्डचा पदवीधर धर्मनिष्ठ झाला, हे त्यांच्या टीकाकारांना अधोगतीचे लक्षण वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. मंडालेच्या तुरुंगात टिळक गीतेकडे वळले, त्याला आपण अधोगती म्हणत नाही. १९१७ च्या डिसेंबरात कलकत्त्यास लीगचे अधिवेशन झाले तेव्हा निर्वाचित अध्यक्ष कैदेत होते. अध्यक्षांच्या खुर्चीत त्यांचे छायाचित्र ठेवण्यात आले आणि सभेस बी अम्मा उपस्थित होती. त्याच महिन्यात जनरल ॲलनबीच्या फौजा जेरुसलेमात शिरल्या. महिनाभर आधी बॅल्फोर यांनी पॅलेस्टाइनात ज्यूंसाठी राष्ट्रीय निवासस्थान उभारण्यास ब्रिटनचा पाठिंबा जाहीर केला होता. पुढच्या सप्टेंबरात हैफा शहर जिंकले ते जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने. म्हणजे पॅलेस्टाइनचा मालक बदलला त्या कामी आपल्या देशातील शिपायांचे रक्त सांडले, आणि त्या मालकाला विरोध करणारा आपल्याच देशातील एक संपादक मध्य प्रांतात अटकेत होता.

सुटका झाल्यानंतर महिन्याभरातच, १९२० च्या फेब्रुवारीत, महंमद अली खिलाफत शिष्टमंडळ घेऊन मुंबईहून युरोपास निघाले. मक्का, मदिना आणि जेरुसलेम ही पवित्र स्थळे खलिफाच्या आधिपत्याखालीच राहावीत आणि पॅलेस्टाइनसह अरबभूमीवर परक्यांची सत्ता येऊ नये, ही त्यांची मागणी होती. लंडनमध्ये ते सभांमागून सभा घेत राहिले आणि पार्लमेंटच्या सभासदांना भेटले. गुलाम देशाच्या या प्रतिनिधीला स्वतःची संसद नव्हती. म्हणून तो राज्यकर्त्यांच्या संसदेचे दार ठोठावीत होता. मार्चमध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांची भेट झाली. त्यांनी बिनतोड वाटणारा मुद्दा काढला: अरबांनाच तुर्कांचे राज्य नको आहे, ते स्वातंत्र्य मागत आहेत, मग आम्ही ते तुर्कांना कसे परत द्यावे? महंमद अलींचे म्हणणे होते की तुर्क आणि अरब हे घरचे भांडण आहे, खिलाफतीच्या छत्राखाली ते मिटेल. येथेच त्यांच्या भूमिकेची शिवण उसवलेली होती. मक्केचा शरीफ हुसेन याने १९१६ सालीच इंग्रजांच्या भरवशावर खलिफाविरुद्ध बंड पुकारले होते. अर्थात लॉइड जॉर्ज यांचा मुद्दाही प्रामाणिक नव्हताच. अरबांच्या स्वातंत्र्याची ज्यांना एवढी कळकळ, त्यांनी एप्रिलमध्ये सॅन रेमोच्या परिषदेत पॅलेस्टाइनचा मॅन्डेट स्वतःच्या पदरात पाडून घेतला. ज्यांच्या भूमीचा हा सौदा होता त्यांचे मत खलिफाच्या पाठीराख्यांनीही विचारले नाही आणि साम्राज्याच्या सूत्रधारांनीही नाही.

शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परतले. दरम्यान १ ऑगस्टला टिळक गेले होते आणि त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली होती. ऑक्टोबरअखेर अलिगढला जामिया मिलियाची स्थापना झाली आणि महंमद अली तिचे पहिले कुलगुरू झाले. १९२१ च्या जुलैत कराचीच्या खिलाफत परिषदेने ब्रिटिश सैन्यातील नोकरी मुसलमानांस निषिद्ध ठरविणारा ठराव केला. सप्टेंबरात वॉल्टेअर स्थानकावर त्यांना पकडण्यात आले आणि कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला. त्या आरोपींच्या पिंजऱ्यात अलीबंधूंच्या शेजारी शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ हेही होते. ते निर्दोष सुटले, अलीबंधूंना दोन वर्षांची शिक्षा झाली. आज या चित्रावर कोणाचा सहजी विश्वास बसणार नाही, पण ते घडले आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात येथे एक शल्य उभे राहील, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. त्याच १९२१ साली मलबारात मोपल्यांचे बंड झाले आणि तेथील हिंदूंची ससेहोलपट झाली. धर्माच्या नावाने राजकारण चेतविण्यात काय जोखीम असते ते तेव्हा दिसले; महाराष्ट्रातील केसरी पक्षाची मंडळी खिलाफतीविषयी साशंक होती, त्यांची शंका पोकळ नव्हती. १९२३ अखेर काकिनाड्याच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या महंमद अलींनी पुढच्याच वर्षी श्रद्धेच्या दृष्टीने पतित मुसलमानही आपल्याला गांधीजींपेक्षा सरस वाटतो, अशा आशयाचे विधान करून हिंदूंना दुखविले. ते विधान श्रद्धेविषयी होते, शीलाविषयी नव्हते, असा खुलासा त्यांनी केला. पण लोकनायकाने आपले शब्द कोठे जाऊन पडतील याचे भान ठेवावयास हवे होते. तरीही त्याच वर्षी, दंगलींनी व्यथित होऊन गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले ते दिल्लीत महंमद अलींच्याच घरी. उपोषण संपताना यजमानांनी खाटकाकडून एक गाय विकत घेऊन पाहुण्याला भेट दिली. ही दोन्ही चित्रे एकाच माणसाची आहेत आणि आम्हाला ती दोन्ही खरी वाटतात.

त्यांच्यावरचा खरा घाव मात्र हिंदूंनी घातला नाही, इंग्रजांनीही नाही. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेनेच खिलाफत रद्द केली. ज्या पदासाठी हिंदुस्थानात हजारो लोक तुरुंगात गेले, ते अंगोऱ्याच्या संसदेने एका ठरावाने मोडीत काढले. मग महंमद अलींनी अरबस्तानाकडे डोळे लावले. शरीफ हुसेनला हुसकून इब्न सौदने हिजाज जिंकला, तेथे साऱ्या मुस्लिम जगाच्या संमतीने लोकसत्ताक कारभार चालेल अशी त्यांची आशा होती. १९२६ च्या जानेवारीत इब्न सौदने स्वतःस राजा घोषित केले. त्या उन्हाळ्यात मक्केस जागतिक मुस्लिम परिषद भरली तेव्हा महंमद अली तेथे जाऊन तावातावाने बोलले आणि निराश होऊन परतले.

उतरत्या काळाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, मधुमेहाने शरीर पोखरले, नेहरू अहवालावरून काँग्रेसशी फारकत झाली आणि १९३० च्या कायदेभंगापासून दूर राहण्याचा सल्ला त्यांनी मुसलमानांना दिला. आमच्या मते ही त्यांची सर्वांत मोठी चूक होती. मात्र गोलमेज परिषदेला ते लंडनला गेले तेव्हा मरणपंथाला लागलेले होते. तेथे १९ नोव्हेंबरला केलेल्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्याचे सार हाती आल्यावाचून आपण गुलाम देशात परतणार नाही, ते देणार नसाल तर येथे कबरीसाठी जागा द्यावी लागेल, असे बजावले. आपण सारख्याच आकाराच्या दोन वर्तुळांत उभे आहोत, एक हिंदुस्थानचे आणि दुसरे मुस्लिम जगाचे, हा विचारही त्यांनी त्याच भाषणात मांडला. ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांच्या निमंत्रणावरून देह समुद्रमार्गे नेण्यात आला आणि २३ जानेवारीस प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत अल-अक्सा मशिदीच्या प्रांगणालगत, पश्चिमेकडील ओवऱ्यांत दफन झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जेरुसलेमला इस्लामी परिषद भरली. मौलाना शौकत अली तिच्या संयोजकांत होते आणि कवी इक्बाल तिला उपस्थित होते.

या परिषदेने संकल्प पुष्कळ केले, त्यांतले तडीस थोडे गेले. पुढेही हेच घडत आले. अल-अक्सा मशिदीला आग लावण्याचा प्रकार घडल्यावर १९६९ साली राबात येथे इस्लामी राष्ट्रांची पहिली शिखर परिषद झाली. तिचे निमंत्रण भारताला मिळाले, फक्रुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन पोहोचलेही, आणि पाकिस्तानच्या हट्टापायी त्यांना बाहेर ठेवण्यात आले. त्या परिषदेचा यजमान मोरोक्को. त्यानेच २०२० च्या डिसेंबरात इस्रायलशी संबंध जोडले. २०२३ च्या नोव्हेंबरात गाझा जळत असताना रियाधला अरब आणि इस्लामी राष्ट्रे जमली, ठराव झाला, पण संबंध तोडणे किंवा तेल रोखणे यावर एकमत झाले नाही.

किनाऱ्यावरच्या आम्हा लोकांना तरी यात नवल वाटू नये. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीचा प्रश्न सुरक्षा समितीपुढे आला तेव्हा भारताने माघार घ्यावी या ठरावाच्या बाजूने तुर्कस्तानने मत दिले आणि विरोधात इजिप्तने. दोन्ही देश मुसलमानांचेच. एकाने वसाहतवाद्यांच्या लष्करी गोटाचे इमान राखले, दुसरा नुकताच सुवेझच्या अग्निदिव्यातून बाहेर पडला होता. पॅलेस्टिनी जनतेला भारताने दिलेला पाठिंबा याच दुसऱ्या जातीचा आहे. १९४७ साली फाळणीच्या ठरावाविरुद्ध दिलेले मत, १९७४ साली मुक्तिसंघटनेला दिलेली मान्यता, १९८८ साली राष्ट्राला दिलेली मान्यता, यांतील एकाही निर्णयाला खलिफा लागला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आमसभेतील युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला तेव्हा म्हणूनच अनेकांना चुकल्याचुकल्यासारखे वाटले; डिसेंबरात त्याने अनुकूल मत दिले.

महंमद अलींच्या दफनानंतर साडेचार महिन्यांनी, १९३१ च्या जूनमध्ये, अम्मानला शरीफ हुसेनचे निधन झाले. ज्याच्या बंडाने तुर्की सत्तेला अरबभूमीत सुरुंग लावला आणि ज्याला खिलाफतवाद्यांनी आयुष्यभर द्रोही ठरविले, त्याचाही देह जेरुसलेमला आणून त्याच पश्चिमेकडील ओवऱ्यांत पुरण्यात आला. बडोद्याच्या या जुन्या अधिकाऱ्याच्या कबरीवरील अरबी लेखात ते हिंदी असल्याचे नोंदलेले आहे. १९६७ पासून त्या भागावर इस्रायलचा ताबा आहे.