जीआय पाइपमधला ‘जी’ कोण? लुईजी गॅल्व्हानींची गोष्ट

नळाच्या लोखंडी पाइपला आपण जीआय पाइप म्हणतो. त्यातला ‘जी’ म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. हा शब्द आला लुईजी गॅल्व्हानी या इटालियन डॉक्टरांच्या नावावरून. गंमत म्हणजे त्यांचा पाइपशी काहीच संबंध नव्हता. त्यांचं काम होतं मज्जातंतूंवर, म्हणजे आपण ज्यांना नसा म्हणतो त्यांच्यावर.

मी त्यांच्याबद्दल वाचायला लागले ते बाबांमुळे. पक्षाघातानंतर बाबा पुन्हा चालायला लागले, पण डावा खांदा दुखायचा काही थांबेना. रात्री कूस बदलली तरी जाग यायची. फिजिओथेरपीत खांद्यावर पॅड चिकटवून करंट दिला, तर स्नायू आपोआप हलला! नंतर डॉक्टरांनी ‘पेरिफेरल नर्व्ह स्टिम्युलेशन’ हा पर्याय सांगितला. करंटने दुखणं कसं कमी होईल, हे बाबांना काही पटेना. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं.

बेडकाचा पाय हलला

गॅल्व्हानींचा जन्म 1737 चा, बोलोन्या शहरातला. तरुणपणी त्यांना धर्मसेवेत जायचं होतं, पण घरच्यांच्या आग्रहामुळे ते डॉक्टर झाले आणि तिथेच शरीररचना शिकवू लागले. त्यांनी लग्न केलं ते त्यांच्या प्राध्यापकांच्या मुलीशी. लुचिया तिचं नाव. प्रयोगांत तिचीही साथ असायची.

1781 च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट घडली. चिरलेल्या बेडकाच्या नसेला सहाय्यकाने सुरी टेकवली, त्याच क्षणी बाजूच्या विजेच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि मेलेल्या बेडकाचा पाय झटकन हलला. दुसरा कोणी असता तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. गॅल्व्हानींनी मात्र आपण बग शोधतो तसं केलं: एकेक गोष्ट बदलून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. वादळात पाय हलत होते. मग स्वच्छ हवेतही, पितळी आकडा लोखंडी कठड्याला टेकवला की हलत होते. त्यांनी निष्कर्ष काढला की वीज प्राण्याच्या शरीरातच असते. 1790 मध्ये लुचिया गेली आणि 1791 मध्ये त्यांनी हे संशोधन छापलं.

व्होल्टा म्हणाले, चूक!

पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टांना आधी हे पटलं, पण नंतर त्यांनी आक्षेप घेतला. त्यांच्या मते वीज बेडकात नव्हतीच, ती दोन वेगवेगळ्या धातूंमुळे तयार होत होती. त्यावर गॅल्व्हानींच्या बाजूने धातू न वापरता प्रयोग झाले. नस थेट स्नायूला टेकवली, तरी पाय हलला.

वाद मिटायच्या आतच संकट आलं. नेपोलियनने उभ्या केलेल्या नव्या प्रजासत्ताकाची शपथ घ्यायला गॅल्व्हानींनी नकार दिला आणि 1798 मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे परत घ्यायचं ठरलं, पण त्याआधीच 4 डिसेंबर 1798 रोजी भावाच्या घरी त्यांचं निधन झालं. 1800 मध्ये व्होल्टांनी जगातली पहिली बॅटरी जाहीर केली आणि सगळ्यांना वाटलं, व्होल्टा जिंकले.

मग खरं कोणाचं?

दोघांचंही! धातूंबद्दल व्होल्टा बरोबर होते. तुमच्या चार्जरवर 5V लिहिलेलं असतं, ते त्यांचंच नाव. पण शरीरात वीज असते हे गॅल्व्हानींचं म्हणणंही पुढच्या शतकात मोजमाप करून सिद्ध झालं. फोनची बॅटरी साधारण 3.7 व्होल्टची असते, तर शांत असलेल्या नसेच्या पेशीच्या आत-बाहेर फरक असतो फक्त 0.07 व्होल्टचा. तो क्षणभर बदलतो आणि नसेतून सिग्नल जातो. बाहेरून योग्य करंट दिला, तरीही जातो.

बाबांना सुचवलेला उपचार यावरच चालतो. खांद्याच्या ॲक्सिलरी नसेजवळ सुईने एक बारीक वायर बसवतात आणि बाहेर त्वचेवर छोटं यंत्र चिकटवतात. एका प्रकारात ही वायर साधारण 60 दिवसांनी काढून टाकतात. मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेचा सिग्नल दुसऱ्या सिग्नलने दाबला जाऊ शकतो, असा 1965 चा ‘गेट’ सिद्धांत सांगतो. थोडक्यात, हा दुखण्याचा म्युट बटण दाबायचा प्रयत्न आहे. तो प्रत्येकाला लागू पडतोच असं नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, वायर सरकू किंवा तुटू शकते, आणि पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

बाबांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा त्यांनी ही बेडकाची गोष्ट पूर्ण ऐकली आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न स्वतःच वहीत लिहून काढले. पहिला प्रश्न आहे: वायर काढल्यावर दुखणं परत येईल का?